हैदराबादेत पाहिलेला ‘शतरंज के खिलाडी’

मे महिन्यात हैदराबादला कोणी जाते का, असे ऑफिसात तिघांनी विचारले. तिघांनाही खरे कारण सांगितले. भाचीने तिथे नवीन फ्लॅट घेतला होता, तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, तिथे पोचवायचे होते आणि माझी अर्जित रजा साठून राहिली होती. पणजीहून रात्रीची बस पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो तेव्हा आठ वाजताच ऊन असे होते की आपल्याकडची दुपार बरी. घामाचे एक सुख तिथे नाही. अंग सुकते, पण घाम येत नाही.

पहिल्या दिवशी सालारजंग म्युझियम पाहिले. हे संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत किंवा तिरुपतीला जाता-येता पाहिले असेल, त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. ते घड्याळ, तासाच्या आधीपासून त्याच्यासमोर बसलेली माणसे, बारा वाजता होणारी रेटारेटी हे सगळे अजून तसेच आहे. मी थांबलो ते दोन ठिकाणी. एक ती बुरख्यातली रिबेका. बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची. संगमरवराचाच चेहरा आणि संगमरवराचाच ओला, पारदर्शक वाटणारा पदर. पहिल्या सालारजंगाने ती १८७६ साली रोममध्ये विकत घेतली. दुसरा तो लाकडी दुहेरी पुतळा. समोरून पाहिले तर ताठ मानेचा, छद्मी हसणारा मेफिस्टोफिलिस आणि मागच्या आरशात पाहिले तर तोच लाकडाचा ओंडका म्हणजे मान खाली घातलेली मार्गारेटा. गटेच्या ‘फाउस्ट’मधली ही दोन पात्रे. भाची म्हणाली, “मामा, आरशासमोरून बाजूला व्हा, फोटोत तुम्हीच येताय.” मी बाजूला झालो. या दोन वस्तूंची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

भाचीच्याच ओळखीने कळले की शहरातल्या एका लहान संग्रहालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी जुने चित्रपट दाखवतात. साहित्यावरून केलेले. त्या दिवशी ‘शतरंज के खिलाडी’ होता. या संग्रहालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यांचा प्रोजेक्टर दोनदा बंद पडला आणि कूलरच्या आवाजात पहिली दहा मिनिटे काही ऐकू आले नाही. फुकटात दाखवणाऱ्यांची नावानिशी तक्रार कशाला करायची? चाळीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवून ठेवलेली काचेची कपाटे, त्यांत जुने हुक्के, पानदाने आणि तलवारींच्या मुठी. पडद्यावर जे हुक्के आणि पानदाने दिसत होती ती अंधारात आमच्या बाजूलाही होती. असा सिनेमा पाहण्याचा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला.

हा चित्रपट मी आधी एकदा, फार वर्षांपूर्वी पाहिला होता. कॉलेजात हिंदी विषय होता तेव्हा प्रेमचंदांची मूळ कथा अभ्यासाला होती. १९२४ सालची कथा, फार तर दहा-बारा पानांची. लखनौचे दोन जहागीरदार, मिर्झा आणि मीर, राज्य बुडत असताना बुद्धिबळ खेळत बसतात. घरात बायका त्रासून जातात म्हणून हे गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत पट मांडतात. इंग्रज फौज समोरून जाते, नवाबाला कैद होते, यांचा डाव चालूच. मग एका चालीवरून भांडण, भांडणात एकमेकांची खानदाने काढणे, शेवटी तलवारी उपसल्या जातात आणि दोघेही मरतात. राजासाठी ज्यांनी एक थेंब गाळला नाही, त्यांनी लाकडी वजिरासाठी जीव दिला. प्रेमचंदांचा रोख स्वच्छ आहे.

सत्यजित राय यांनी १९७७ साली यावर चित्रपट केला. बंगालीबाहेरचा त्यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. मिर्झा संजीवकुमार, मीर सईद जाफरी, निवेदन अमिताभ बच्चनचे. नवाब वाजिद अली शाह म्हणजे अमजद खान, ‘शोले’चा गब्बर नुकताच गाजलेला असताना. आपल्या लोकांना सांगायची एक गोष्ट म्हणजे १९७६ साली हाच अमजद खान ‘द ग्रेट गॅम्बलर’च्या चित्रीकरणासाठी गोव्याकडे येताना मुंबई-गोवा रस्त्यावर अपघातात सापडला होता. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. त्यातून उठून त्याने हा नवाब उभा केला. गाणारा, नाचणारा, कवने करणारा आणि शेवटी लहान मुलासारखा एकटा पडलेला राजा. १९७८ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’त राजबन्स खन्ना यांनी या नवाबाच्या चित्रणावर बरीच टीका केली होती आणि राय यांनी तिला तपशीलवार उत्तर दिले होते.

राय यांनी कथेत बरीच भर घातली. प्रेमचंदांकडे राजकारण दोन-चार ओळींत येते. राय यांच्याकडे ते निम्मा चित्रपट व्यापते. कंपनीचा रेसिडेंट जनरल औट्रम (रिचर्ड ॲटनबरो) आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडून नवाबाच्या दिनचर्येची माहिती घेतो, तो प्रसंग मी कारकून या नात्याने फार लक्षपूर्वक पाहिला. कागद आधी तयार आहे, निर्णय वरून आला आहे, आता फक्त फाइलला कारणे जोडायची आहेत. औट्रमला मनातून हे पटत नाही, ते दिसते. तरी तो करतो.

हा औट्रम लखनौच्या दरबारात शिरला त्याआधी आपल्या दारावर येऊन गेला होता, हे मात्र चित्रपटात नाही. खानदेशात भिल्लांची पलटण उभारली ती यानेच, १८२५ च्या सुमारास. पुढे १८४४-४५ साली कोल्हापूर-सावंतवाडीकडे बंड झाले तेव्हा मनोहर आणि मनसंतोष गडांच्या परिसरात फौज घेऊन हाच फिरत होता. बंडातले फोंड सावंत आणि त्यांची माणसे सीमा ओलांडून पोर्तुगीज मुलखात, म्हणजे गोव्यात, आश्रयाला आली. त्यानंतर औट्रम काही काळ साताऱ्याला रेसिडेंट होता. मग १८५६. लखनौ. ॲटनबरोच्या चेहऱ्याकडे पाहताना मला पेडण्यापलीकडचा घाट दिसत होता, त्याला माझा इलाज नाही.

चित्रपटाच्या सुरुवातीला एक व्यंगचित्रांचा भाग आहे. गव्हर्नर जनरल डलहौसीने एका पत्रात अवधला ‘चेरी’ म्हटले होते, कधीतरी आपल्या तोंडात पडेल अशी. राय यांनी त्याचे चलच्चित्र केले आहे. डलहौसी एकेक चेरी गट्ट करतो. पंजाब, ब्रह्मदेश, नागपूर, सातारा, झाशी. प्रेक्षागृहात लोक हसले. हसण्यासारखेच आहे ते. मी एकटाच मोजत राहिलो की पाचांतल्या तीन चेऱ्या मराठ्यांच्या.

सातारा १८४८ ला गेला. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, दत्तक मानला नाही, संपले. नागपूर १८५४ ला. तिसरे रघूजी भोसले वारले, मुलगा नव्हता. नागपूरचे पुढे काय झाले ते वाचवत नाही. राजवाड्यातली जनावरे, हत्ती-घोडे-बैल धरून, लिलावात निघाली, जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेले. झाशीचे सांगायला नको. या तिन्ही घराण्यांच्या वस्तूंचे सालारजंगसारखे एक अखंड भांडार आज कुठे नाही. जे आहे ते विखुरलेले आहे. आणि मी त्याच दिवशी सकाळी सालारजंगच्या दालनांतून चालून पाय दुखवून घेतले होते.

मध्यंतर असे नव्हते, पण प्रोजेक्टर बंद पडला तेच मध्यंतर झाले. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. पांढरा कुर्ता, हातात पेपराची घडी, तिचाच पंखा. त्यांनी मला कुठून आलात विचारले, गोवा म्हटल्यावर खूश झाले. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हमारे पास भी ऐसाइच होनेवाला था साब. मगर हमारा वज़ीर होशियार था.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून पुढे जाईना. वजीर म्हणजे दिवाण, म्हणजे पहिला सालारजंग. मीर तुराब अली खान त्याचे नाव. १८५३ च्या मे महिन्यात तो हैदराबादचा दिवाण झाला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि पुढे मरेपर्यंत, १८८३ पर्यंत, तीस वर्षे दिवाण राहिला. तो गादीवर आला (दिवाणालाही गादी म्हणायची तर) त्याच्या काही दिवस आधीच त्याच्या चुलत्याने, तेव्हाच्या दिवाणाने, इंग्रजांशी तह करून वऱ्हाड देऊन टाकले होते. कारण? इंग्रजांनी निजामाच्या नावावर ‘कंटिंजंट’ म्हणून एक फौज पोसली होती, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा. पगार थकला. थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब. फौज त्यांची, कर्ज आपले, आणि वसुलीला जमीनही आपली! आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ हे जिल्हे. कापसाचा मुलूख. तिथल्या मराठी कुणब्याला कोणी विचारले नव्हते, ना निजामाने ना डलहौसीने.

म्हणजे चेरी हैदराबादचीही अर्धी खाऊन झाली होती. उरलेली वाचवायची कशी, हा त्या चोवीस वर्षांच्या पोराचा प्रश्न होता.

चार वर्षांनी १८५७ आले. औरंगाबादच्या छावणीत कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले. त्या बंडाशी संबंधित चीदाखान नावाचा जमादार आश्रयाला हैदराबादेत आला आणि सालारजंगाने त्याला पकडून रेसिडेंटच्या स्वाधीन केले. १७ जुलैला तुर्रेबाझखान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या मागे रोहिले आणि शहरातली माणसे रेसिडेन्सीवर चालून गेली. सालारजंगाने रेसिडेंटला आधीच सावध केले होते. हल्ला मोडला. तुर्रेबाझखान पकडला गेला, कैदेतून निसटला, त्याच्यावर बक्षीस लागले, १८५९ साली फितुरीने मारला गेला आणि त्याचे प्रेत शहरात टांगले गेले. मौलवी अंदमानात. निजाम गेला तर सगळेच गेले, असे मुंबईच्या गव्हर्नरने तेव्हा कळवल्याचे इतिहासात येते. निजाम गेला नाही. तो जाणार नाही याची व्यवस्था सालारजंगाने केली.

बक्षीस म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूरकडचा भाग परत मिळाला, कर्ज माफ झाले. वऱ्हाड नाही मिळाले. सालारजंगाने उरलेले सारे आयुष्य वऱ्हाड परत मागण्यात घालवले. १८७६ साली तो विलायतेला गेला, तिथे त्याचा मोठा सत्कार झाला, ऑक्सफर्डने सन्मानाची पदवी दिली. वऱ्हाडाचे नाव काढले की मात्र दारे बंद. आता मघाशी सांगितलेली रिबेका आठवा. तीही १८७६ चीच. ज्या प्रवासात वऱ्हाड मिळाले नाही त्याच प्रवासात ती मिळाली. सकाळी तिच्यासमोर उभा होतो तेव्हा हे माझ्या लक्षात आले नव्हते, रात्री खुर्चीत बसल्या बसल्या साल जुळले.

पुढचे थोडक्यात. १९०२ साली कर्झनने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन टाकले. १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. मुलूख इंग्रजांकडे आणि किताब निजामाकडे, असा व्यवहार. शेवटच्या निजामाने १९४७-४८ च्या धामधुमीत समुद्रापर्यंत वाट हवी म्हणून पोर्तुगिजांकडे मुरगाव बंदरासाठी बोलणी लावून पाहिली होती. ती जमली असती तर आपण आज कुठे असतो, याचा विचार वाचकांनी सवडीने करावा. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आत गेले, पाच दिवसांत खेळ आटोपला आणि दीड वर्षाने तोच निजाम भारतीय प्रजासत्ताकातल्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून शपथ घेता झाला. असो.

तर प्रोजेक्टर सुरू झाला आणि मी शेवटाची वाट पाहू लागलो, कारण शेवटावर माझे जुने भांडण होते.

राय यांनी शेवट बदलला आहे. त्यांच्या चित्रपटात मीर आणि मिर्झा मरत नाहीत. लखनौबाहेरच्या एका खेड्यात दोघे पट मांडतात, भांडतात, मीरच्या हातून पिस्तूल उडते, गोळी मिर्झाच्या शालीला चाटून जाते. इंग्रज फौज निघून जाते. मग दोघे ओशाळवाणे समोरासमोर बसतात. अंधार पडला की घरी जाऊ, कारण तोंड लपवायला अंधार लागेल, अशा अर्थाचे बोलणे होते आणि मिर्झा पुन्हा पट मांडतो. या वेळी विलायती पद्धतीने. ती पद्धत त्यांना आधीच मुन्शी नंदलालने सांगितलेली असते. ही भूमिका डेव्हिड यांनी केली आहे, म्हणजे आपले बेने इस्रायली डेव्हिड अब्राहम चेऊलकर. प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाते, वजिराच्या जागी राणी येते, डाव लवकर संपतो. वजीर बाजूला होतो आणि व्हिक्टोरिया राणी पटावर येते.

कॉलेजात आमच्या सरांचे म्हणणे असे होते की राय यांनी प्रेमचंदांच्या हातची तलवार काढून घेतली. मला ते तेव्हा तंतोतंत पटले होते. वीस वर्षांच्या वयात मरणारी पात्रे जास्त आवडतात. शिवाय माझे एक खाजगी कारण होते, ते आता सांगायला हरकत नाही.

माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत तालुक्याच्या कचेरीत लेखनिक होते. आजोबांचे चुलतभाऊ, ज्यांना गावात सगळे भाई म्हणत, ते मुक्तीच्या चळवळीत होते. १९५५ साली भाईंना पकडले. काही वर्षे ते आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांच्या नावाचा एक सरकारी कागद, जप्तीचा, आमच्या घरी अनेक वर्षे होता. तो आजोबांच्या अक्षरात आहे. दुसऱ्या कोणाच्या नाही. त्या काळी नकला हाताने करत, त्या दिवशी नक्कल करायला आजोबा बसलेले होते आणि त्यांनी ती केली. वळणदार, एकही खाडाखोड नाही. भाई सुटून आले ते पुन्हा कधी आमच्या घरी जेवले नाहीत. बलकांवात बसत, पाणी घेत, पण उंबऱ्याच्या आत नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य पणजीत आले. लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता की शरण जायचे नाही, लढून मरायचे. गव्हर्नर वासालो इ सिल्वाने तो मानला नाही आणि वास्कोला शरणागतीवर सही केली. त्याला त्याच्या देशाने १९६३ साली सैन्यातून काढून टाकले, पोर्तुगालमध्ये १९७४ ची क्रांती झाल्यावर परत मान दिला. त्याची वाजिद अलीशी तुलना करावी असा मोह होतो, पण ती बसत नाही. वाजिद अलीने मुकुट काढून औट्रमच्या हातात दिला तो त्याच्या बापजाद्यांच्या राज्याचा होता. वासालोकडे होते ते दुसऱ्याचे घर. तरीही त्याने हुकूम पाळला असता तर माझी आजी, जी तेव्हा माझ्या वडिलांना घेऊन पणजीतच एका नातेवाइकाकडे होती, तिचे काय झाले असते?

आणि आजोबा काय करत होते? ते त्याच आठवड्यात त्याच कचेरीत गेले. खुर्ची तीच, टेबल तेच. फक्त कागद आता इंग्रजीत होणार होता. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. वय अडतीस. रात्री कंदिलाजवळ बसून ते शिकले. त्यांची ती वही माझ्याकडे आहे. डाव्या रकान्यात पोर्तुगीज शब्द, मधल्या रकान्यात इंग्रजी, उजवीकडे मराठी, सगळे देवनागरीत. रेकेरिमेंत, ॲप्लिकेशन, अर्ज. सेलु, स्टॅम्प, तिकीट. ओफिस्यु, लेटर, पत्र. पुढे-पुढे अख्खी वाक्ये येतात, साहेबाकडे कागद सादर करण्याची, स्मरणपत्राची. त्यांतली निम्मी वाक्ये मी आजही रोज लिहितो.

कॉलेजात असताना मला त्या वहीची लाज वाटायची. भाईंचा फोटो पंचायतीच्या भिंतीवर आणि आमच्याकडे काय, तर शब्दांची वही. म्हणून मला प्रेमचंदांचा शेवट हवा होता. नालायक माणसांनी निदान मरावे तरी.

त्या रात्री हैदराबादेत शेवट पाहताना मला पहिल्यांदा कळले की राय यांनी त्या दोघांना सोडून दिलेले नाही. प्रेमचंदांनी त्यांना शिक्षा देऊन मोकळे केले. राय त्यांना मरू देत नाहीत. उद्या सकाळी त्यांना उठायचे आहे, घरी बायकांना तोंड दाखवायचे आहे, नव्या साहेबाला सलाम करायचा आहे, नवे नियम शिकायचे आहेत. हे जास्त कठोर आहे की जास्त दयाळू, ते मला अजून ठरवता आलेले नाही. पण खोटे नाही. एक राज्य गेले आणि दुसरे आले तेव्हा बहुसंख्य लोकांनी हेच केले आहे, लखनौत, नागपुरात, हैदराबादेत आणि आमच्या तालुक्यातही. सालारजंगाने ते राजवाड्याच्या पातळीवर केले, आजोबांनी लेखनिकाच्या.

फरक एवढाच की सालारजंगाचे संग्रहालय झाले. आणि त्या संग्रहालयाची किंमत कोणी दिली, याची पाटी तिथे कुठल्या दालनात नाही. तुर्रेबाझखानाने दिली, वऱ्हाडाने दिली. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे वाक्य खरेच होते, त्यांचा वजीर हुशार होता. हुशारी नसती तर रिबेकाही नागपूरच्या हत्तींच्या वाटेने गेली असती. मला हे नाकारता येत नाही आणि त्याचे कौतुकही मनापासून करता येत नाही.

एक गंमत बाकी राहिली. आपण मराठी माणसे गेली कित्येक पिढ्या विलायती नियमांनीच बुद्धिबळ खेळतो. प्यादे पहिल्यांदा दोन घरे, किल्लेकोट, सगळे. देशी खेळात प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या पट्टीतून गेले त्या पट्टीचा मोहरा व्हायचे, ते नियम आता म्हाताऱ्यांनाही आठवत नाहीत. पण त्या सोंगटीला आपण अजून वजीरच म्हणतो. राणी म्हणत नाही. शाळेतल्या स्पर्धेत इंग्रजी माध्यमातले पोरही ‘माझा वजीर मारला’ म्हणून रडते. राय यांना हे कोणी सांगितले होते की नाही कोण जाणे.

चित्रपट संपल्यावर दिवे लागले. कपाटांतल्या तलवारींच्या मुठी पुन्हा दिसू लागल्या, पाती कुठे गेली कोण जाणे. शेजारच्या गृहस्थांनी “गोवा आएंगे कभी” म्हटले, मी जरूर या म्हटले. दोघांनाही माहीत होते की ते येणार नाहीत.

परतीच्या दिवशी संध्याकाळची बस होती. सकाळी ताईला घेऊन कोठीला गेलो. तिथे जुन्या रेसिडेन्सीची इमारत आहे, तिचे पुढे मुलींचे कॉलेज झाले, आणि जवळच रस्त्याकडेला तुर्रेबाझखानाच्या स्मरणार्थ एक स्तंभ आहे. बसस्टॉपची गर्दी, उसाच्या रसाची गाडी, हॉर्न. ताईने विचारले, हा कोण? मी सांगितले. मग कशावरून कोण जाणे, आजोबांच्या त्या जप्तीच्या कागदाचा विषय निघाला. इतक्या वर्षांत आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नव्हतो.

ताई म्हणाली, “आजोबांनी नाव लिहिलं नसतं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं.”

मी म्हटले, “औट्रमही तेच म्हणाला असता.”

“कोण औट्रम?”

मी सांगायला लागलो, पण ऊन फार होते. तिने पदर डोक्यावर घेतला आणि आम्ही सावलीसाठी रस्ता ओलांडला.